जुन्या ट्रॉली-नांगराची हायड्रोलिक गळती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी डंपिंग ट्रॉली, पलटी नांगर किंवा लोडर घेतला की पहिल्याच हंगामात कुठून तरी तेल गळायला लागतं. आपण ‘पाइप लीक आहे’ म्हणतो, नवा पाइप टाकतो आणि मोकळे होतो. महिन्याभरात तोच पाइप त्याच जागी पुन्हा फुटतो. माझ्याकडे होज (दाबाचा रबरी पाइप) दाबून, म्हणजे त्याच्या टोकांना मशीनने फिटिंग बसवून न्यायला येणारे शेतकरी नांगरटीच्या दिवसांत आणि ऊस तोडणीच्या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले दोन प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. तरी ते आधी वाचा, मग पाना हातात घ्या.

गळती शोधताना होजवरून हात फिरवला तर काय बिघडतं?

हात जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये साधारण १५० ते २०० बार दाब असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट आणि त्याहूनही जास्त. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की तिथून निघणारी तेलाची धार डोळ्यांना धुक्यासारखी दिसते, कधी दिसतही नाही. ती कातडी फोडून थेट आत शिरते. हातमोज्यानेही ती अडत नाही.

फसवणूक अशी, की जखम काट्यासारखी बारीक दिसते, रक्तही फारसं येत नाही आणि पहिला तासभर दुखतही नाही. माणूस बोट पुसून कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूंच्या पडद्यांमधून मनगटाकडे सरकत असतं. रात्री बोट काळंनिळं होऊन टरारून सुजतं. तोपर्यंत बोट वाचवायची वेळ निघून गेलेली असू शकते.

असं झालंच तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी येऊ नका. जिथे शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात लगेच जा, गाडी नसेल तर १०८ला फोन करा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की ‘दाबाखालचं हायड्रोलिक तेल कातडीच्या आत गेलंय.’ नुसतं ‘बोटाला लागलंय’ म्हटलं तर वरून पट्टी बांधली जाईल. तेलाच्या डब्यावरचं नाव वाचून घ्या किंवा त्याचा फोटो काढून न्या. जखम दाबून तेल काढायचा प्रयत्न करू नका.

धार शोधायची तर खोक्याचा पुठ्ठा घ्या, लांब धरा आणि होजच्या कडेने हळूहळू फिरवा. पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटली की जागा सापडली. डोळ्यांना चष्मा हवाच.

काम सुरू करण्याआधी दाब कसा काढायचा?

अवजार जमिनीला टेकवा. ट्रॉली पूर्ण खाली, नांगर जमिनीवर, लोडरची बकेट टेकलेली. मग इंजिन बंद करा आणि त्यानंतर हायड्रोलिकचा लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा. इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. वर उचललेलं वजन इंजिन बंद असतानाही होजमधलं तेल दाबून ठेवतं.

ट्रॉली वर ठेवूनच काम करावं लागत असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय तिच्याखाली डोकं घालू नका. टेकू म्हणजे चॅसीला जोडलेला, खाचेत बसणारा जाड दांडा. लाकडाचा ओंडका किंवा बाजूला पडलेली पहार नव्हे. ट्रॉलीची बॉडी जॅकवर, म्हणजे उचलणाऱ्या हायड्रोलिक सिलिंडरवर, उभी असताना मध्ये फक्त एक होज असतो आणि आपण त्याच होजचं नट सोडायला बसलेलो असतो.

सगळीकडेच तेल पसरलंय. नेमकं कुठून येतंय हे कसं ओळखायचं?

तेल जिथे दिसतं तिथे ते गळत नसतं. ते वरून ओघळतं, होजच्या कडेने धावतं, वाऱ्याने मागे उडतं आणि सगळ्यात खालच्या नटावर येऊन थेंब धरतं. तो नट बिचारा चांगला असतो. लोक त्यालाच आवळत बसतात.

आधी धुवा. डिझेल आणि ब्रश घेऊन सगळी चिखल-तेलाची खपली काढा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मा शोध इथेच लागतो. जुन्या अवजारावर तीन-चार वर्षांची खपली असते आणि तिच्याखाली होजला गेलेली चीर झाकलेली असते.

कोरडं झालं की सांध्यांवर आणि होजवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. राख किंवा रांगोळी नको, ती खरखरीत असते आणि कपलरमध्ये, म्हणजे होज ट्रॅक्टरला जोडायच्या-सोडायच्या सांध्यात, गेली तर सील खाते. मग इंजिन सुरू करून एकाने लिव्हर चालवायचा आणि दुसऱ्याने लांबून बघायचं. पांढऱ्यावर पहिला काळा डाग जिथे पडेल तिथे गळती. गळती फार मंद असेल तर सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून दोराने बांधा आणि अर्धा दिवस काम करा. संध्याकाळी कागद उलगडला की तेल कुठल्या बाजूने आलं ते छापल्यासारखं दिसतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा : रिकाम्या ट्रॉलीला न गळणारा होज भरल्या ट्रॉलीला गळतो. तपासणी वजन घालूनच करायची.

गळती फिटिंगची, टोपीची की होजची, हे कसं कळावं?

नटाच्या मागून, आट्यांमधून तेल येत असेल तर ती फिटिंगची गळती. ओ-रिंग, वॉशर किंवा आतला कोन खराब आहे आणि होज बदलायची गरज नाही.

होजच्या टोकाला दाबलेली जी लोखंडी टोपी असते, जिला फेरूल म्हणतात, तिच्या तोंडातून, म्हणजे रबर आत जातं तिथून तेल येत असेल तर तो होज संपला. ती टोपी पुन्हा दाबून घ्यायचा आग्रह काही जण धरतात. दाबून देणारे दुकानदारही भेटतात. आत रबर कडक होऊन आकसलेलं असतं, दुसऱ्यांदा दाबल्याने जाळीच्या तारा तुटतात. मी ते काम करत नाही.

होजच्या अंगावर फुगा आला असेल, तर आतली नळी फाटून तेल तारेच्या जाळीत शिरलंय. असा होज अजून बाहेर गळत नसला तरी तो आजच काढा.

नवा होज टाकला, दोन महिन्यांत पुन्हा त्याच जागी फुटला. होज डुप्लिकेट होता का?

असूही शकतो. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या फुटलेल्या होजांपैकी बहुतेक रबर खराब होतं म्हणून फुटलेले नसतात. त्यांना कशाने तरी मारलेलं असतं. फुटलेला होज टाकून देऊ नका, तो जसाच्या तसा घेऊन या. मरणाचं कारण त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

एका तीन फाळी पलटी नांगराचा होज माझ्याकडे एकाच हंगामात तीनदा आला. चार सुती (आतून अर्धा इंच), डबल वायर (आत तारेच्या दोन जाळ्या), माल चांगला होता. तिन्ही वेळा टोपीपासून वीतभर अंतरावर, एकाच बाजूला रबर घासून चकचकीत झालेलं, त्याखाली जाळीच्या तारा उघड्या पडून गंजलेल्या आणि मधोमध फाट. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, नांगर बघू या. उभा असताना काहीच दिसेना, होज सगळीकडून मोकळा. मग नांगर उचलायला लावला आणि पलटी मारायला लावली. पलटीच्या मधोमध, जेमतेम सेकंदभर, होज टॉपलिंकच्या पिनच्या डोक्यावर ताणून घासत होता. दिवसाला शेकडो पलट्या, दर पलटीला एक घास. पिन उलट्या बाजूने घातली, होज हातभर वरून वळवून क्लॅम्पने बांधला. तो होज पुढचे दोन हंगाम टिकलेला मी पाहिला आहे.

म्हणून होज उभ्या अवजारावर तपासू नका. अवजार त्याच्या पूर्ण चालीत फिरवून बघा : सगळं वर, सगळं खाली, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, ट्रॅक्टर वळलेला असताना.

बाकी कारणं फुटीच्या जागेवरून ओळखू येतात. टोपीला लागूनच फुटला असेल तर तिथे होज एकदम मोडला जातोय. टोपीच्या पुढे निदान होजच्या जाडीच्या दुप्पट भाग सरळ राहिला पाहिजे आणि वळण त्यानंतर सुरू व्हायला हवं. जाळी पिळलेल्या दोरीसारखी तिरकी उलगडली असेल तर होज पीळ घालून बसवला होता. सगळीकडे बारीक भेगा आणि वाकवल्यावर कटकट आवाज येत असेल तर तो उन्हाने आणि वयाने गेला. आतलं रबर कोळशासारखं ठिसूळ असेल तर तेल फार तापत होतं किंवा होज सायलेन्सरजवळून नेला होता.

एम-सील, सायकलची ट्यूब, वर तार आणि जुबली क्लिप असं करून आजचा दिवस निघणार नाही का?

निघणार नाही, आणि दिवसापेक्षा मोठं काही जाऊ शकतं. हिशेब करा. चार सुती होजच्या आतलं तोंड सव्वा चौरस सेंटीमीटरच्या आसपास असतं. १५० बार दाबाला त्या तोंडावर सुमारे १९० किलोचा धक्का बसतो. जवळजवळ दोन क्विंटल. ते जुबली क्लिप धरून ठेवेल का? वर ट्यूब गुंडाळल्याने धोका आणखी वाढतो, कारण सुईसारखी धार झाकली जाते आणि कुठून फुटेल ते कळत नाही.

पंपाकडे तेल ओढणारा पाइप किंवा टाकीकडे परत जाणारा पाइप असेल तर तिथे दाब नगण्य असतो. तिथे क्लिप चालते, मुळात तिथे क्लिपच असते.

रानात अडकलात तर होज सोडून दोन्ही टोकांना बूच लावा आणि अवजार ओढून घरी आणा. बुचांचा जोड टूलबॉक्समध्ये ठेवायची सवय लावा. लोखंडी पाइपला चीर गेली असेल तर तेल भरलेलं असताना जागेवर वेल्डिंग करू नका. तेलाची वाफ पेट घेते.

आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळली तर गळती थांबते का?

नळाच्या पाइपला थांबते, इथे नाही. ट्रॅक्टरच्या बहुतेक फिटिंगमध्ये सील आट्यांवर होत नाही. ते आतल्या कोनावर, ओ-रिंगवर किंवा डाऊटी वॉशरवर होतं. आटे फक्त आवळून धरतात. टेप गुंडाळली की आवळताना तिचे तुकडे तुटून तेलात जातात आणि डीसीव्हीच्या, म्हणजे लिव्हरने चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या, स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यात) जाऊन बसतात. मग लिव्हर अडकतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर आतून पांढऱ्या दोऱ्या निघालेल्या मी स्वतः चिमट्याने काढल्या आहेत.

डाऊटी वॉशर म्हणजे बाहेर लोखंडी कडी आणि आत चिकटवलेलं रबर. काढला की नवा टाका. तांब्याचा वॉशर नाइलाजाने पुन्हा वापरायचा असेल तर तो लाल तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. कोनाच्या फिटिंगवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर कितीही आवळा, थेंब येणारच. तो निपल बदला. जास्त आवळल्याने कोन चेपतो आणि नट फाटतो.

होज किती सुती घ्यायचा? सिंगल वायर चालेल की डबल?

सूत म्हणजे आतला व्यास : दोन सूत पाव इंच, तीन सूत ३/८ इंच, चार सूत अर्धा इंच. बाहेरून मोजून चालत नाही, सिंगल आणि डबलची बाहेरची जाडी वेगळी असते. जो होता त्याच सुताचा घ्या. बारीक घेतला तर ट्रॉली उचलेल, पण खाली यायला वेळ लागेल आणि तेल तापेल.

युरोपीय मानकानुसार चार सुती सिंगल वायर, म्हणजे १एसएन, १६० बारला चालतो. तोच डबल वायर २एसएन असेल तर २७५ बारला. तीन सुतीत हे आकडे १८० आणि ३३० आहेत. आता तुमच्या ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) १८० किंवा २०० बारला उघडत असेल तर चार सुती सिंगल वायर कुठे बसतो ते तुम्हीच बघा. दाबाच्या बाजूला डबल वायरच घ्या. वाचणारे पैसे तेलातच जातात.

होजच्या अंगावर छापलेली ओळ वाचायला शिका. कंपनीचं नाव, आर१ किंवा आर२ (सिंगल किंवा डबल वायर), १एसएन किंवा २एसएन, आकार, दाब आणि बनवल्याची तिमाही व वर्ष, एवढं त्यावर असतं. काहीच छापलेलं नसलेला काळा होज घेऊ नका. रबराला वय असतं. जर्मन मानक डीआयएन २००६६ मध्ये होजचं आयुष्य ६ वर्षं धरलं आहे, त्यात दुकानात पडून राहिलेली जास्तीत जास्त २ वर्षं आली. आपल्याकडे इतके काटेकोर कुणी नसतं, पण दहा वर्षांपूर्वीची तारीख असलेला होज ‘नवा’ म्हणून घेऊ नये एवढं तरी पाळता येतं.

नट बसतो, पण आवळत नाही. असं का होतं?

आटे वेगळ्या जातीचे आहेत. जुन्या अवजारावर मागच्या मालकांनी मिळेल ती फिटिंग लावलेली असते, त्यामुळे एकाच नांगरावर बीएसपी (ब्रिटिश), जेआयसी (अमेरिकी) आणि मेट्रिक अशा तिन्ही जाती सापडतात. तीन सुती बीएसपीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास १६.६६ मिलिमीटर आणि मेट्रिक एम१६चा १६ मिलिमीटर. हातात धरून फरक कळत नाही. बीएसपीचं नट एम१६वर सैल बसतं, दोन-तीन आटे फिरतं आणि अडकतं. पान्याने रेटलं की आटे गेले.

कोनही वेगळे आहेत : बीएसपीचा ६० अंश, जेआयसीचा ३७ अंश प्रत्येक बाजूने, मेट्रिकचा बहुधा २४ अंश. आटे चुकून जुळले तरी कोन जुळणार नाहीत आणि गळती राहील. व्हर्नियर (व्यास मोजायला) आणि पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायला) असलेल्या माणसाकडून मोजून घ्या. नुसतं मोबाइलवर फोटो पाठवून ‘हाच द्या’ म्हणू नका, फोटोत अर्धा मिलिमीटर दिसत नाही. सगळं जुळवून घेण्यापेक्षा एकदाच अख्खं अवजार एका जातीच्या फिटिंगवर आणा, हे माझं मत. पुढची दहा वर्षं सुखाची जातात.

होज दाबून घेताना दुकानात काय बघायचं?

जुना होज दोन्ही टोकांसकट न्या. लांबी टोकापासून टोकापर्यंत, फिटिंगसह मोजायची. दोन्ही टोकांना एल्बो असतील तर त्यांचा एकमेकांशी असलेला कोन काढण्याआधीच खडूने रेघ मारून घ्या, नाहीतर नवा होज पीळ खाऊनच बसेल. दाबाखाली होज सुमारे ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, त्यामुळे ताणून बसेल इतका नेमका करू नका, थोडी झोळ ठेवा. पण जास्त लांबही नको, तो टायरला जाऊन लागतो.

कापल्यावर आत रबराचा आणि लोखंडाचा भुगा राहतो. दाबण्याआधी हवेने फुंकून घ्यायला सांगा, समोर उभं राहून. निपल, म्हणजे फिटिंगचा होजमध्ये जाणारा भाग, आत शेवटपर्यंत गेला की नाही हे कळण्यासाठी आधी होजवर खूण करतात, ती टोपीच्या काठाशी यायला हवी. दाबल्यावर टोपीचा व्यास व्हर्नियरने मोजून तक्त्याशी ताडून बघणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका. जुन्या होजमधला निपल कापून नव्यात घालून देतो म्हणाला तर नाही म्हणा. शिरोली, कुपवाड, सातपूर, वाळूज अशा एमआयडीसींच्या आसपास दाबायची मशीन असलेली दुकानं असतात. तालुक्याच्या गावी हातोडीने टोपी ठोकून देणारा कुणी भेटला तर थोडं पुढे जा.

बसवताना काय सांभाळायचं?

दोन पाने वापरा. एका पान्याने होजचं टोक धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचं. एकाच पान्याने आवळलं की होज सोबत फिरतो आणि पीळ बसतो. होजवरची छापील ओळ इथे उपयोगी पडते : ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे. खांबाभोवती चढलेल्या वेलीसारखी दिसली तर सोडा आणि पुन्हा बसवा. चार सुती डबल वायरला १८ सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका.

मग वजन न घालता अवजार सहा-सात वेळा वर-खाली करा, हवा निघून जाईल. तेलाची पातळी जॅक पूर्ण आत असतानाच बघायची. ट्रॉली वर असताना भरलं तर ती खाली आल्यावर तेल जास्त होतं.

कपलर गळतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या नांगराचा कपलर सकाळी बसतच नाही.

कपलर जोडलेला असताना गळत असेल तर फिमेलमधली (ज्यात दुसरा तुकडा घुसतो त्यातली) ओ-रिंग गेली. सुटा असताना मेलच्या (घुसणाऱ्या तुकड्याच्या) तोंडातून थेंब येत असेल तर आतल्या पॉपेटखाली, म्हणजे तोंड बंद करणाऱ्या छोट्या झडपेखाली, कचरा आहे. बरेचदा डिझेलने धुऊन दोन-चारदा दाबल्यावर थांबतो. मेल-फिमेल झिजले असतील तर जोडीने बदला. रबरी टोप्या हरवलेल्या असतील तर जाड प्लास्टिकची पिशवी बांधा, पण मातीत लोळू देऊ नका. त्या मातीचा एक कण थेट तुमच्या पंपात जातो.

न बसण्याचं कारण वेगळं. दाब न काढता कपलर सोडला तर तेल होजमध्ये कोंडून राहतं, उन्हाने फुगतं आणि पॉपेट मागे ढकलू देत नाही. हातोडीने ठोकू नका. होजवर ओलं पोतं टाकून थंड होऊ द्या, मग बसवा. पुढच्या वेळी सोडण्याआधी लिव्हर हलवून दाब काढा आणि अवजार सावलीला लावा.

ट्रॉली आपोआप खाली येते, पण तेल कुठेच सांडत नाही. कुठला होज बदलू?

कुठलाही नको. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांचा जॅक एका बाजूने उचलणारा असतो. त्यातल्या तेलाला बाहेर पडायला एकच वाट आहे, ट्रॅक्टरकडे परत. बाहेर थेंब नाही आणि ट्रॉली खाली येतेय म्हणजे ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह तेल सोडतोय. हीच ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडून बघा. तिथे थांबली तर खात्री झाली. दोन्ही बाजूंनी चालणारा जॅक असेल, म्हणजे पलटी नांगर किंवा लोडर, तर आतल्या पिस्टनचं सीलही तपासावं लागतं. जोर कमी पडणं, चाल मंदावणं ही त्याची लक्षणं.

जॅकच्या दांड्याजवळून तेल येतं. सील किट टाकलं, पुन्हा सुरू.

दांडा पुसा आणि नखाने तपासा. क्रोम उडून गंजाचे खड्डे पडले असतील तर ते प्रत्येक चालीला नवं सील कापणार. दांडा पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या किंवा बदला, मगच किट टाका. दांडा वाकलाय का तेही तेव्हाच बघून घ्या.

तेलाला फेस येतो, पंप ओरडतो, पण बाहेर गळती नाही.

तेल बाहेर जात नाही, हवा आत येतेय. आधी तेलाची पातळी बघा. ती ठीक असेल तर पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या सांध्यांवर एकेक करून जाड ग्रीस थापा. ज्या सांध्यावर ग्रीस लावताच आवाज बदलला, तो दोषी. तेल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी आहे, ते सगळं बदलावं लागेल.

थोडंसंच झिरपतंय. हंगाम संपेपर्यंत चालवू का?

सेकंदाला एक थेंब म्हणजे दहा तासांत पावणेदोन लिटरच्या वर तेल. पण तेलाच्या पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी, की बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रोलिक, गिअरबॉक्स आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचं तेल एकच असतं. पातळी उतरली की त्याची झळ गिअरना आणि ब्रेकलाही बसते. आणि कमी झालं म्हणून दुकानात मिळेल ते ६८ नंबर हायड्रोलिक तेल ओतलं तर ब्रेक आवाज करायला लागतात. ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला.

आट्यांतून येणाऱ्या ओलसरपणाचं काम संध्याकाळपर्यंत थांबू शकतं. होजच्या अंगातून किंवा टोपीतून येणाऱ्या थेंबाचं काम थांबू शकत नाही.

सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाका आणि भरून बाजूला ठेवा. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठावर अवजार धुऊ नका.

जुनी ट्रॉली किंवा नांगर घेताना होजचं काय बघावं?

ट्रॉली भरलेली बघायला मागा. रिकामी दाखवत असतील तर आपणच विटा किंवा माती भरून घ्या. अर्धी उचलून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, लांब उभं राहा आणि बॉडीच्या कडेची एक खूण धरून ती खाली सरकते का बघा. नांगराला निदान वीस पलट्या मारायला लावा.

होजवर रंग मारलेला असेल तर सावध व्हा. विकायला काढताना अख्ख्या अवजारावर स्प्रे मारतात, तो होजवरही बसतो आणि भेगा व छापील ओळ दोन्ही झाकली जातात. होज हाताने वाकवून बघा, अर्थात अवजार जमिनीवर आणि दाब काढलेला असताना. रंगाच्या खपल्या उडतील आणि खालचं रबर दिसेल. ते मऊ, काळं असेल तर ठीक. करडं आणि भेगाळलेलं असेल तर सगळे होज बदलायचेच आहेत असं धरून भाव करा. एकेक होजची लांबी मोजून आणा, खर्च किती येईल ते कुठलाही दाबणारा दहा मिनिटांत सांगतो. आणि जॅकचा दांडा पूर्ण बाहेर काढायला लावा, कारण गंजलेला भाग बहुतेक वेळा शेवटच्या वीतभरातच लपलेला असतो.